डिजिटल फिल्टर कुठला लावावा? मी तबल्याला विचारतो

एसोटेरिक कंपनीच्या के-०१ या सीडी आणि एसएसीडी (सीडीहून सरस दर्जाची डिस्क) प्लेयरच्या मेनूत पीसीएमसाठी, म्हणजे सीडीवर असतो तशा नमुन्यांच्या रूपातल्या आवाजासाठी, चार डिजिटल फिल्टर आहेत: एफआयआर १, एफआयआर २, एस-डिले १, एस-डिले २. पाचवा पर्याय ऑफ, तो मी फारसा वापरत नाही. हिंदुस्थानी संगीत ऐकताना माझी निवड एस-डिले १ असते. ती का, ते सांगतो.

सीडीवर आवाजाच्या लहरीची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने असतात, त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही तिच्यात मावत नाही. मात्र त्या नमुन्यांची पुन्हा सलग लहर करताना या हद्दीच्या वर मूळ आवाजाच्या नकोशा प्रतिमा उमटतात. त्या काढायच्या आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं शाबूत ठेवायचं, म्हणजे फिल्टरच्या हाती जेमतेम २ किलोहर्ट्झची पट्टी उरते. १९८२च्या सोनी सीडीपी-१०१ने हे काम तीव्र उताराच्या अॅनालॉग फिल्टरवर सोपवलं होतं. फिलिप्सने सुरुवातीपासूनच चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मधले नमुने गणिताने भरून त्यांची संख्या चौपट करून, त्यातलं बरंच ओझं डिजिटल फिल्टरवर टाकलं.

उतार जितका तीव्र, तितका फिल्टर आघातापाशी जास्त थरथरतो. एफआयआर १मध्ये ही थरथर आघाताच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, म्हणजे थाप पडायच्या आधीही थोडी असते. एस-डिले १ तिला पूर्णपणे थापेनंतर ढकलतो. त्याची किंमत म्हणजे वरच्या स्वरांच्या फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या वेळेच्या जुळणीत, थोडा बदल. दोन नंबरचे दोन्ही फिल्टर संथ उताराचे. त्यांच्यात थरथर कमी, पण वरची पट्टी लवकर उतरू लागते आणि थोड्या प्रतिमाही निसटतात.

ही थरथर २२ किलोहर्ट्झच्या आसपासची, तेव्हा ती थेट कानाला ऐकू येते असा माझा दावा नाही. फरक बारीकच आहे. म्हणून मी मुलीच्या हाती रिमोट देतो, डिस्प्लेकडे पाठ करून बसतो आणि कुठला फिल्टर लावलाय ते सांगू नकोस म्हणतो. एकल तबलावादनाची चांगली सीडी, त्यातही मध्यलयीतला कायदा (ठरलेल्या बोलांचा विस्तार करत जाणारी रचना), जिथे चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ‘ना’ सुटा पडतो. एस-डिले १वर तो ‘ना’ मला नेमका वाटतो, डग्ग्याची घुमक त्याच्यात मिसळत नाही. एफआयआर १वर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, जास्त पसरते. कुणाला तेच आवडेल, आणि वाद्यवृंदासाठी मीही तोच लावतो.

संथ उताराचे फिल्टर तबल्यावर मला रुचत नाहीत, शाईच्या काठावरचं तेज जातं. पण काही सुरुवातीच्या सीडींत व्हायोलिन कानाला टोचतं, तिथे एफआयआर २ खरोखर सुसह्य. एक काळजी मात्र घ्यायला हवी: तुलना करताना व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, मग निवड फिल्टरची राहत नाही.

७८ गतीच्या तबकड्यांवरून काढलेल्या सीडींसाठी मात्र मेनू उघडूच नका. तिथे त्या वरच्या पट्टीत मूळ संगीत जवळजवळ नसतंच, मग फिल्टर काम करणार कशावर? आणि सीडी व एसएसीडी असे दोन थर असलेल्या हायब्रिड डिस्कवर फिल्टरची तुलना करायची असेल तर आधी सीडीचा थर निवडा. एसएसीडीच्या थरावर डीएसडी (पीसीएमहून वेगळी ध्वनिमुद्रण पद्धत) असतं, हे फिल्टर त्याला लागूच होत नाहीत.