११८ रुपयांसाठी अडकलेला बाबांचा नंबर : पोर्ट करतानाचा माझा अनुभव

बाबांचा मोबाईल नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेताना ११८ रुपयांवरून अडला आणि त्या ११८ रुपयांपायी माझे साडेतीन आठवडे गेले, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. कोणाला तरी उपयोग होईल.

बाबा विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतात, तळमजल्यावर, मी मुलुंडला. नंबर वीस वर्षांच्या वर जुना, पोस्टपेड. पेन्शनची बँक, आधार, गॅस, चिपळूणची आत्या, सगळं त्याच नंबरवर. बाबांकडे साधा बटणांचा फोन आहे, तोच त्यांना हातात बसतो, नेट वगैरे काही नाही. दोन वर्षांपूर्वी समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन तिथे उंच टॉवरची इमारत उभी राहिली आणि तेव्हापासून घरातली रेंज गेली ती गेलीच. बाबा फोन घेऊन बाहेर ओट्यावर जायचे, पावसात एका हातात छत्री आणि एका हातात फोन. जानेवारीत एका रात्री त्यांचं बीपी वाढलं आणि मला फोन लावत बसले तर लागेचना, शेवटी भिंतीवर थाप मारून शेजारच्या काकांना उठवलं आणि काकांनी त्यांच्या फोनवरून मला कळवलं. त्या रात्रीच ठरवलं की आता बस झालं.

आधी प्लॅन बघितले. हे २०२५ च्या सुरुवातीचे आकडे आहेत, रिचार्ज करताना पुन्हा बघून घ्या. बाबांचं बिल होतं साडेचारशेच्या घरातल्या प्लॅनचं, पण पोस्टपेडवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो त्यामुळे महिन्याला ५३० च्या आसपास जायचे, वर्षाचे सहा हजारांच्या वर, आणि ते कशासाठी तर आत्याशी बोलायला. प्रीपेडची जी किंमत दिसते त्यात जीएसटी धरलेला असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर तुलनाच चुकते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून नेटवाला साधा २८ दिवसांचा रिचार्जही ज्येष्ठ माणसाला जड जातो, त्यात २८ दिवस म्हणजे वर्षात बारा नाही तर तेरा वेळा रिचार्ज. पण डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले पॅकही ठेवा, आणि जानेवारीत ते आले. जिओचा ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १७४८, एअरटेलचा ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १८४९, व्हीचा, म्हणजे व्होडाफोन आयडियाचा, ४७० आणि १८४९. आता इथे नीट बघा, १७४८ स्वस्त वाटतो पण तो ३३६ दिवसांचा आहे, दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतात, आणि १८४९ वाला पूर्ण वर्षाचा, दिवसाला ५ रुपये ७ पैसे. किंमत बघू नका, दिवसांनी भागा. सहा हजार कुठे आणि अठराशे कुठे. घरात ज्यांचे आईवडील बटणांचा फोन वापरतात त्यांनी हे पॅक बघाच, ॲपमध्ये पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात.

पण पैशापेक्षा रेंज महत्त्वाची होती. कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे बघितले तर अख्खी विक्रोळी रंगवलेली, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीचं नकाशा काय सांगणार. म्हणून एका रविवारी मी सरळ शेजाऱ्यांना घरात बोलावलं, वरच्या काकू एका कंपनीच्या, काका दुसऱ्या कंपनीचे, काकूंचा मुलगा तिसऱ्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अबाऊट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा येतो, डीबीएम मध्ये. तो उणे असतो, म्हणजे उणे ८५ चांगला आणि उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतो. वरच्या दांड्या बघून काही कळत नाही, आकडा बघा. बाबांच्या कॉटवर, स्वयंपाकघरात, मोरीत, तिन्ही फोन घेऊन फिरले. बाबांच्याच कंपनीचा फोन कॉटवर उणे ११७ दाखवत होता, दुसरा उणे १०६ आणि तिसरा उणे ९४. काकू म्हणाल्या अगं मोरीत पण बघ, म्हातारी माणसं पडतात ती मोरीतच. तिथेही तिसराच चालला. ठरलं. बीएसएनएलचं तपासता आलं नाही कारण आसपास कोणाकडे ते सिमच नव्हतं.

आता जिथे अडकलं ते.

पोर्ट करायच्या आधी म्हटलं जुन्या कंपनीला एक संधी देऊ, इतक्या वर्षांचे ग्राहक आहोत. शनिवारी सकाळी बाबांना घेऊन कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, गेले. टोकन घेऊन पाऊण तास बसलो आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिम जुनं झालंय, बदलून देतो, रेंज येईल." बदललं. रेंज काही आली नाही. पण त्याने एक गोष्ट सांगितली नाही की सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात. हा नियम फ्रॉड होऊ नये म्हणून आहे आणि चांगला आहे, पण सांगायला नको का? त्याच दुपारी गॅसवाला आला, त्याने डिलिव्हरीचा कोड मागितला, कोड एसएमएसवर येणार आणि एसएमएस बंद, सिलेंडर परत गेला. पुढे तीन दिवस बाबांनी काकूंकडे चहा घेतला, त्यांना ते किती जड गेलं मला माहीत आहे.

सोमवारी चिडून पोर्टचा कोड मागवायला १९०० ला मेसेज पाठवला. इंग्रजीत पोर्ट, एक स्पेस आणि दहा आकडी नंबर, इतकंच, आणि तो त्याच सिमवरून जायला हवा. उत्तर आलं, नाही मिळणार, कारण सिम सात दिवसांच्या आत बदललेलं आहे. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे. म्हणजे पोर्ट करायचा विचार असेल तर आधी सिम बदलू नका, कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

सात दिवस थांबले. पुढच्या रविवारी परत मेसेज. परत नाही. या वेळी कारण, थकबाकी. मी म्हटलं कसली थकबाकी, बिलं तर मी स्वतः भरते. बिल उघडून बघितलं तर जुनी शिल्लक ११८ रुपये. आणि मग आठवलं. डिसेंबरच्या बिलाची ड्यू डेट रविवारी होती, मी रविवारी संध्याकाळी यूपीआयने भरलं, माझ्याकडे वेळेसकट पावती आहे, पण त्यांच्याकडे ते सोमवारी जमा झालं म्हणून १०० रुपये लेट फी आणि त्यावर १८ रुपये जीएसटी. तेव्हाच फोन केला होता, पलीकडची मुलगी म्हणाली पुढच्या बिलात रिव्हर्स होईल, तुम्ही ११८ सोडून बाकीचे भरा. तसे भरले. आणि तेच ११८ आता ड्यू डेट उलटलेली थकबाकी म्हणून पोर्ट अडवत होते. नियमाप्रमाणे ज्या बिलाची मुदत उलटून गेलीय तेवढ्याच थकबाकीवर अडवता येतं, चालू महिन्याचं बिल अजून निघालेलं नसेल तर त्यावरून अडवता येत नाही. पण ११८ रुपये मुदत उलटलेलेच होते, आणि त्यांच्याच माणसाच्या सांगण्यावरून उलटलेले.

कस्टमर केअरला फोन केला. खात्री करायला ओटीपी पाठवणार, रजिस्टर्ड नंबरवर. रजिस्टर्ड नंबर बाबांच्या फोनमध्ये, फोन घरात, घरात रेंज नाही. मी बाबांना काकांच्या फोनवरून सांगायचं, बाबांनी चप्पल घालून ओट्यावर जायचं, ओट्यावर गेल्यावर मिनिटभराने मेसेज यायचा, परत आत येऊन मला आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपी संपलेला. तीनदा झालं. चौथ्यांदा बाबा ओट्यावरच खुर्ची टाकून बसले, दुपारी दोनच्या उन्हात, शहात्तर वर्षांचा माणूस. ज्या कंपनीची रेंज घरात येत नाही ती कंपनी ओटीपी मागते आणि तो मिळाला नाही तर फोन ठेवून देते, हे मला अजून सहन होत नाही.

मग गॅलरी. तोच मुलगा नव्हता, दुसरा होता. "मॅडम, लेट फी सिस्टीमने लावलीय, आमच्या हातात नाही." मग कोणाच्या हातात आहे? "बॅकएंडला मेल टाकतो, ४८ तासांत होईल." ४८ तास झाले, काही नाही. परत गेले, ऑफिसमधून हाफ डे टाकून, परत ४८ तास. डिसेंबरच्या फोनचा तक्रार क्रमांक आहे का विचारलं, तो मी घेतला नव्हता, आणि तिथेच सगळं फसलं होतं. साध्या चौकशीच्या नंबरवर कितीही बोला, तक्रार नोंदवली असं धरत नाहीत. १९८ ला फोन करा, तो तक्रारीसाठी आहे, तिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, देतात, तो मेसेजने येतो, तो लिहून ठेवा. मला हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. १९८ वर तक्रार केली, दोन दिवसांत ती बंद केल्याचा मेसेज आला, "शुल्क योग्य आहे". पावती बघितलीच नाही कोणी.

बाबा म्हणाले, "भरून टाक गं, कशाला जीव जाळतेस." मला ११८ रुपये जड नव्हते, मला ते खोटं जड होतं. पण रोज रात्री झोपताना मनात यायचं की आज परत बीपी वाढलं तर? म्हणून शेवटी भरले. काउंटरवर भरले, शिक्क्याची पावती घेतली, आणि त्याच संध्याकाळी अपील टाकलं. हे फार कमी लोकांना माहीत आहे, तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे जाता येतं, फुकट, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. यूपीआयची पावती, बिल, डॉकेट नंबर जोडून चार ओळी लिहिल्या, मराठीतच लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी १९०० ला मेसेज, आणि दोन मिनिटांत कोड आला. आठ अक्षरी कोड असतो, चार दिवस चालतो, त्या चार दिवसांत नवीन कंपनीच्या दुकानात जायचं. नवीन दुकानात दहा मिनिटं, आधार, फोटो, झालं. बाबांच्या बोटांचे ठसे तिसऱ्यांदा उमटले, घासून घासून रेषा गेल्यात.

मग जुन्या कंपनीचे फोन सुरू झाले, एवढी सूट देतो, तेवढी सूट देतो, फक्त कॅन्सलचा मेसेज पाठवा. मी बाबांना बजावून ठेवलं होतं, पाठवू नका. तीन महिने आधी हीच सूट दिली असती तर.

मुंबईच्या मुंबईत तीन वर्किंग डे लागतात. मोबाईल कंपन्यांच्या विभागांत, म्हणजे सर्कलमध्ये, आपला मुंबई सर्कल वेगळा आहे, बाकी महाराष्ट्र आणि गोवा वेगळा, म्हणून पुण्याकोल्हापूरचा नंबर इथे आणणार असाल तर पाच धरा. बाबांचा तिसऱ्या रात्री झाला, जुनं सिम बंद पडलं, मी नवीन घातलं. त्या दिवशी बँकेचं काम काढू नका.

अजून दोन गोष्टी. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत हलता येत नाही, म्हणून मी लगेच वर्षाचा रिचार्ज नाही केला, आधी ८४ दिवसांचा केला. ज्यांना शेजारीपाजारी नाहीत त्यांनी त्या कंपनीचं एक नवीन प्रीपेड सिम घेऊन महिनाभर घरात वापरून बघावं आणि मगच जुना नंबर हलवावा. आणि तुमचं प्रीपेड असून रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी १९०० ला मेसेज जायलाच हवा, ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे, दुकानदार आधी एसएमएसवाला मोठा रिचार्ज मारा म्हणाला तर मारू नका. पोस्टपेडवाल्यांनो, पोर्ट झाल्यावर शेवटचं बिल येतं, मधल्या दिवसांचं, ते रागाने सोडू नका, ते नाही भरलं तर जुनी कंपनी नवीन कंपनीला सांगून नंबर बंद करायला लावू शकते.

बाबांच्या त्या शेवटच्या बिलात ११८ रुपये वजा होऊन आले. अपीलचं उत्तर तेविसाव्या दिवशी आलं होतं, एका ओळीचं. बाबांनी ते बिल मला दोनदा वाचायला लावलं. काल रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, काही काम नव्हतं, कॉटवरूनच बोलतोय म्हणाले.

आता राहिलं डिपॉझिट, नंबर घेताना भरलेले ५०० रुपये. गॅलरीवाले म्हणतात रेकॉर्डला नाही. बाबांच्या कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये त्याची पावती सापडलीय, शाई उडालीय पण रक्कम आणि शिक्का वाचता येतो. उद्या १९८ ला फोन करणार आहे, आणि या वेळी डॉकेट नंबर पहिल्याच दिवशी घेणार आहे.