दहा की बारा? आधी बेसचं बघा

गणपती जवळ आले की बडोद्यात सोसायटीच्या मीटिंगांत आणि मंडळांच्या बैठकांत एकच वाद पेटतो: स्पीकर रात्री दहाला बंद करायचा की बाराला? ज्येष्ठ मंडळी दहावर ठाम, पोरं बारावर. सगळ्यांची नजर घड्याळावर, आणि ज्या बेसमुळे, म्हणजे स्पीकरच्या खालच्या, घुमणाऱ्या आवाजामुळे, झोप उडते त्याचा विषयच निघत नाही.

आधी नियम, कारण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर वाद्यंही वाजवता येत नाहीत. ‘स्पीकर बंद, आता नुसता ढोल-ताशा’ ही पळवाट तेव्हाच बुजली. सणासाठी राज्य सरकार १० ते १२ अशी सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तेही आधी ठरवून. बडोद्याचं गणित इथेच अडतं. गणपतीचे १०, नवरात्राचे ९, झाले १९. दिवाळी तर धरलेलीच नाही. माझं स्पष्ट मत आहे की नवरात्राच्या नऊ रात्रींना हात लावू नये, आणि गणपतीत फक्त विसर्जनाच्या दिवसांसाठी सूट मागावी. रोजची आरती तशीही साडेआठ-नऊपर्यंत होते.

सूट मिळते ती वेळेची. आवाजाची मर्यादा तशीच राहते. रहिवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. म्हणजे रहिवासी पोळात (जुन्या वस्तीतल्या चिंचोळ्या गल्लीत) रात्री साडेदहाला, सूट असतानाही, मंडपाच्या हद्दीवर ५५. समोरासमोरच्या साध्या बोलण्याचा आवाज ६०च्या आसपास असतो, यावरून काय ते समजा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर १०० डेसिबल देणारा स्पीकर ७५वर यायला १८ मीटर लागतात, ६५ला ५६ मीटर आणि ५५ला जवळजवळ १८० मीटर. हे मोकळ्या मैदानाचं झालं. पोळात दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात, तिथे तो इतकाही उतरत नाही.

यापेक्षा मोठी अडचण बेसची. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते; खिडकी लावून किंवा पडदा ओढून ती अडत नाही. त्यात नियमातलं मोजमाप ‘ए’ पद्धतीचं, म्हणजे खालचे सूर कमी धरणारं, आणि ही पद्धत ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करते. आवाज मोजायच्या मीटरवर आकडा सभ्य दिसतो आणि वरच्या मजल्यावर कपाटाच्या काचा थरथरतात. तक्रार करणारे आजोबा खोटं बोलत नसतात आणि मीटर दाखवणारा कार्यकर्ताही नाही. मीटरवर ‘सी’ पद्धत लावून पुन्हा मोजा, ती बेस फारसा वजा करत नाही. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा १५-२०ने जास्त आला तर दोष बेसचा आहे, मग नुसता व्हॉल्यूम थोडा उतरवून भागत नाही. मोबाईलवरच्या ॲपवर मात्र यासाठी विसंबू नका. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडतच नाही.

मंडळांनी साउंडवाल्याला ऑर्डर देतानाच मांडणी सांगावी. एकाच टोकाला स्पीकरची थप्पी लावली की २० मीटरवरच्या शेवटच्या माणसाला ७४ डेसिबल पोचवायला एका मीटरवर १०० सोडावे लागतात. त्याऐवजी चार छोटे स्पीकर, प्रत्येकी ५ मीटरपुरते, तर प्रत्येक स्पीकरला एका मीटरवर ८८ पुरतात. चार मिळून दूरवर फार तर ६ डेसिबल वाढतात, तरीही ६ची बचत होतेच. स्पीकर उंच लावून तोंड खाली, माणसांकडे वळवावं, गच्च्यांकडे नको. बेसचे डबे भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवू नयेत, तिथे बेस आणखी फुगतो. आरती आणि भाषणाला ८० हर्ट्झखालचं काहीच लागत नाही, ते मिक्सरवरच कापावं. गरब्याला ठेका हवा हे मान्य, पण दहानंतर बेसचा ॲम्प्लिफायर वेगळ्या स्विचवर असावा आणि तो बंद करण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे. नाहीतर साउंडवाला मंडळाकडे बोट दाखवतो आणि मंडळ त्याच्याकडे.

रहिवाशांनीही त्या माणसाचा नंबर आधीच घेऊन ठेवावा आणि पहिला फोन त्यालाच करावा. ऐकलं नाही तर पोलीस नियंत्रण कक्ष. रात्रीच्या बंदीचाच भंग होत असेल तर डेसिबल मोजून दाखवण्याची अट नाही; जागा, वेळ आणि काय वाजतंय एवढं सांगा. सूट असलेल्या रात्री मात्र वाद आकड्याचा असतो, तेव्हा हद्दीवर मोजणी करा अशी मागणी लेखी द्या आणि तिची पोच घ्या.