अंबाझरी हा चार अक्षरी शब्द

माझी भाची नऊ वर्षांची आहे आणि तिला डाऊन सिंड्रोम आहे. रविवारी आम्ही नागपूरच्या धरमपेठेतून अंबाझरी तलावावर जातो. कोणत्या वळणावर रिक्षा वळायला हवी हे तिला नेमके ठाऊक असते, तलावाच्या फोटोवर ती लगेच बोट ठेवते. मात्र तोंडून निघते ते फक्त ‘झरी’. अर्थ तिच्याजवळ आहे, निसटतो तो आवाजांचा क्रम.

१९७४ साली अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी कार्यकारी स्मृतीची, म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तीत ऐकलेले आवाज क्षणभर धरून ते मनातल्या मनात घोळवणारा एक भाग आहे, आणि नवा शब्द पक्का होण्यासाठी हे घोळवणे फार मोलाचे ठरते. डाऊन सिंड्रोम असलेल्या, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत घेऊन आलेल्या मुलांत बहुधा हाच भाग दुबळा असतो. डोळ्यांनी टिपलेले त्या मानाने बरे टिकते. कानात पाणी साचून ऐकू कमी येणे त्यांच्यात सर्रास आढळते आणि उच्चारही अवघड जातात, परंतु ही दोन्ही कारणे हिशेबात धरली तरी स्मृतीतील उणिवेचा पुरता उलगडा होत नाही. म्हणूनच ‘कान तपासले, आता बोलेल’ हे एका डॉक्टरांचे आश्वासन आम्हाला दोन वर्षे महागात पडले.

विल्यम्स सिंड्रोममध्ये, जिथे ७ व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असतो, चित्र साधारणपणे उलटे दिसते: ऐकलेले शब्द बरे टिकतात, ठोकळ्यांची साधी रचना मात्र जुळवता येत नाही. अशा मुलाच्या गोड, भरघोस बोलण्यावरून त्याला सगळे समजते असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते ही चूक अधिक घातक आहे, कारण तिथे मदत लागते हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या घरी आजीचे ‘म्हण बरं, बाळा, अं-बा-झ-री’ दिवसातून दहादा चाले. हेतू प्रेमाचा, पण परीक्षा नेमकी दुबळ्या बाजूची. आता बहिणीने फोटोखाली चार अक्षरे मोठी, सुटी लिहिली आहेत आणि भाची एकेका अक्षरावर बोट ठेवते. आजीला हे अजून पटलेले नाही. गेल्या रविवारी गाडी ‘बाझरी’पर्यंत आली होती.