लेहराच मैफल होतो तेव्हा

क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन वादकचौकडीने वाजवलेल्या, अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका नॉनसच कंपनीने 1995 साली काढली. तिच्यात दुसरे ते पाचवे अशी चार स्ट्रिंग क्वार्टेट्स, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) आणि चेलो यांच्यासाठीच्या रचना आहेत, आणि आरंभ होतो तो पाचव्यापासून, म्हणजे 1991 मध्ये खास क्रोनॉससाठी लिहिलेल्या रचनेपासून. मी मात्र नव्या श्रोत्याला आधी ‘कंपनी’ ऐकायला सांगेन. सॅम्युएल बेकेट यांच्या गद्यावरील नाट्यप्रयोगासाठी लिहिलेले हे दुसरे क्वार्टेट चार लहान भागांचे असून आठेक मिनिटांत संपते.

तबल्याच्या एकलवादनाला बसलेल्या आपल्या रसिकाचे लेहऱ्याकडे फारसे लक्ष नसते. सारंगी किंवा हार्मोनियम तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून आवर्तनाचे माप धरते आणि कान तबल्यावर असतात. ‘कंपनी’त तो लेहराच मैफल होतो. मधल्या आवाजांतील झुलती आवर्तने ही येथे कोणाची साथ नसून तोच मुख्य मजकूर आहे, आणि वरचे व्हायोलिन लांब स्वर धरते तेव्हासुद्धा माझे कान क्रोनॉसमधील हँक डट यांच्या व्हिओलाकडेच जातात. तीच आकृती शंभरदा वाजवायची, पण यंत्रासारखी नव्हे, हे काम एखाद्या अवघड तानेहून सोपे नाही. ध्वनिमुद्रण इतके जवळून केलेले आहे की गज दिशा बदलतो तिथली किंचित खरखर ऐकू येते, आणि प्रत्येक आवर्तन वेगळे आहे हे तिच्यामुळेच कळते.

लेहऱ्याची आठवण अगदीच उपरी नाही. 1960च्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये एका चित्रपटाच्या संगीतासाठी ग्लास हे रविशंकर यांच्यासोबत काम करत होते, आणि रविशंकर व अल्लारखाँ यांच्या सहवासात त्यांना लयीकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली. अर्थात म्हणून येथे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधू नये. तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, कोणी समेवर येत नाही. आकृती बदलते किंवा थांबते, इतकेच.

चौथे क्वार्टेट एड्सने वारलेले चित्रकार ब्रायन बुझॅक यांच्या स्मरणार्थ लिहिलेले आहे, तर तिसरे ‘मिशिमा’ या 1985च्या चित्रपटाच्या संगीतातून घडले. ‘मिशिमा’ पडद्याशिवायही पूर्ण वाटते. पाचवे मला थोडे अधिक गोड वाटते, आणि ध्वनिमुद्रिकेचा आरंभ त्यानेच का केला असावा, याचे नवल वाटते.