फाइल हरवली म्हणजे सुटला?

लग्नात भेटा नाहीतर लक्ष्मी रोडवर, प्रश्न ठरलेला: "वकीलसाहेब, कोर्टातली फाइल गहाळ झाली की आरोपी सुटतोच ना?" वर हसत, "तुम्हीच करत असाल गहाळ!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सुटत नाही. अभय राज सिंह प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रम लावून दिलाय. आधी पोलीस, सरकारी वकील, जिथून मिळतील तिथून कागद पुन्हा जमवा; नाही जमलं तर फेरखटला; तोही अशक्य असेल तरच प्रकरण बंद. 2023 मध्ये जितेंद्र कुमार रोडे सुटले, कारण उच्च न्यायालयानं खालचं रेकॉर्ड समोर नसतानाच शिक्षा कायम केली होती. लोकांना हाच निकाल तेवढा पाठ.

पण हरवलेला कागद शिक्षा किती द्यावी, याबद्दलचा असेल तर, हे कुणी विचारत नाही.

माझा अशील येरवड्यात होता. चाकूचे वार, सात वर्षं. शिवाजीनगरहून मुंबईला गेलेल्या रेकॉर्डमध्ये साक्षी, पंचनामे सगळं होतं. शिक्षेच्या मुद्द्यावर तो काय बोलला, तो कागद नव्हता. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, 'आरोपीस शिक्षेबाबत ऐकले', निकालपत्रात 'दया दाखवण्यास कारण नाही'. बस. त्याची आई म्हणायची, "साहेब, बाप अंथरुणाला खिळलाय, जखमीच्या औषधाचे पैसे आम्ही भरलेत, सगळं सांगितलं त्यानं. लिहून घेत होते, मी बघितलंय." खालचे वकील वारले होते, त्यांचं दफ्तर रद्दीत गेलेलं. सरकारी वकिलांच्या फाइलीत नुसती तारीख.

वरचं कोर्ट शिक्षेवर आरोपीचं म्हणणं स्वतः ऐकू शकतं, हे मानवत हत्याकांडाच्या अपिलात 1977 सालीच ठरलंय. मी तेच मागितलं, मिळालंही. पण अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, येईपर्यंत बाप गेला होता. औषधाच्या पावत्या कुणी जपल्या नव्हत्या. सांगायचं काय? न्यायमूर्तींनी भोगलेली शिक्षा पुरेशी धरली. तोवर तो जवळजवळ सगळी भोगून झाला होता. आणि गावात बोभाटा झाला, कागद हरवला म्हणून सुटला.

सनद नवी असताना मी तावातावानं म्हणायचो, रेकॉर्ड सांभाळणं कोर्टाचं काम, चुकलं तर फायदा आरोपीला. आजही निम्मं पटतं. पण त्या दिवशी कोर्टाबाहेर जखमीच्या भावानं विचारलं, "आमच्या डॉक्टरचा कागद हरवला असता, तर फायदा आम्हाला मिळाला असता का?" मी त्याला फेरखटल्याचा नियम सांगत बसलो. तो ऐकत होता, पटत नव्हतं त्याला. मला तरी कुठं पटत होतं!