बाई, तुमची आवडती संख्या कोणती?

नववीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, हल्ली पालकही विचारतात. १७२९ किंवा ६१७४ ऐकायची त्यांची तयारी असते. पहिली गणिती रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली, दुसरी देवळालीच्या कापरेकरांच्या; दोघेही मला प्रिय आहेत. पण माझी संख्या ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

२ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवला की ती येते. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या फर्मा या गणितीने पाहिलं, की २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवला तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात आणि पाचही मूळ संख्या आहेत. ही माळ अशीच पुढे जाईल असं त्याला वाटलं. पुढचा घात ३२. १७३२ मध्ये ऑयलर या गणितीने दाखवलं, की या संख्येला ६४१ ने भाग जातो: ६४१ × ६७००४१७. कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर मी तो भागाकार केला, आणि बाकी शून्य आल्यावर पुन्हा पहिल्यापासून केला, फक्त ते शून्य परत बघायला.

मग मुलं विचारतात, ६४१ च कसा सापडला? इथे मला तास कमी पडतो. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो. हे एकोणिसाव्या शतकात ल्युकाने सिद्ध केलं. म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१... यांतल्या १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. राहिली २५७. आता फर्माच्या त्या पाच संख्यांचा गुणाकार करा: ४२९४९६७२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोब्बर २ ने कमी! (बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे ठेवले, तर अर्ध्या पटावर इतकेच मावतात.) २५७ ने दोन्हींना भाग गेला असता तर त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे २ लाही गेला असता. ते शक्य नाही. म्हणून तपासायची पहिलीच संख्या ६४१.

आणि भागाकारही लागत नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी उणे १ धरता येते (६४१ ला एकच कमी). १२८ हा २ चा सातवा घात. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, बाकी १. पण ६२५ + १६ ही ६४१ च! म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ लिहा. १६ हा २ चा चौथा घात; अठ्ठावीस आणि चार, बत्तीस. उणे २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी १, म्हणजे २ च्या बत्तिसाव्या घाताची उणे १. त्यात १ मिळवा, शून्य. फळ्यावर ती दहा आकडी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.