न्यार उगेन्याच्या अंगणात

पश्चिम केनियात होमा बेजवळच्या आमच्या मिशन दवाखान्यात मी एचआयव्हीच्या गोळ्यांची खिडकी सांभाळायचे, तेव्हाची, 2009 ची ही गोष्ट. लुओ लोकांत सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून खिडकीवर गोळ्या न्यायला येणाऱ्या एका विधवेला सगळे न्यार उगेन्या म्हणत, उगेन्याची लेक. नवरा आधीच वारला होता. तिनं गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. चर्चच्या महिला मंडळातही ती पुढे असे. त्या दिवशी गोळ्यांची पिशवी हातात घेऊन ती खिडकीशीच उभी राहिली. "सिस्टर, दुपारी घरी या. कुळातले म्हातारे येणार आहेत, फादरही येणार आहेत. तुम्ही नुसत्या बसा."

बोलावणं कशाचं, ते कळलं. लुओंच्या रीतीनं नवरा मेला तरी लग्न संपत नाही. बाई त्याचीच बायको राहते, पुढं मूल झालं तरी ते मेलेल्याच्या नावावर. दीर किंवा कुळातला दुसरा कोणी तिच्या घरात उभा राहतो. त्याला जातेर म्हणतात. तो नसेल तर तिचं सुतक फिटत नाही, शेजारघरची दारं तिला बंद असतात, नवं घर उभारता येत नाही, थोरल्या मुलाचं खोपटंही अडतं. रीत मोडली तर 'चिरा' लागतो, माणूस झिजत जातो, असा धाक. एड्सनं झिजणारी माणसं बघितलेल्या गावात हा धाक किती खरा वाटत असेल, ते मी खिडकीतून रोज पाहत होते. सुतक फेडायला बाईनं त्या पुरुषाबरोबर एक रात्र काढायची असते. दीर तयार नसेल तर पैसे घेऊन हे काम करणारे परके पुरुष होते. ते एका घरातून दुसऱ्या घरात जात आणि आजारही त्यांच्याबरोबर जाई. रीतीचा हा भाग मला कधीच मान्य नव्हता, आजही नाही.

अंगणात आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मागं तिचं घर, छपराचं गवत एका बाजूनं पार बसलेलं. पावसाळा तोंडावर होता. कुळानं धाकटा दीर ठरवला होता. त्याला बायको होती, मुलं होती. फादरनी स्पष्ट सांगितलं: त्याला घरात घेतलंस तर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, मिळणार नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढून त्यांनी वाचलं, नवरा मेल्यावर स्त्री त्या बंधनातून मोकळी होते. मग म्हणाले, कोणी अविवाहित किंवा विधुर ख्रिस्ती माणूस बघ, मी स्वतः लग्न लावतो.

कुळातला सगळ्यात वयस्क माणूस निवृत्त शिक्षक होता, बाप्तिस्मा झालेला. त्यानं आपलं बायबल उघडलं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात भावाच्या विधवेला सांभाळायची आज्ञा आहे, आणि विधवा रूथ व तिला बायको करून घेणारा सासरचा नातलग बवाज, यांच्याच वंशात दावीद राजा जन्मला. फादरनी मत्तयाचा बाविसावा अध्याय पुढं केला, पुनरुत्थानात लग्नं नसतात. म्हातारा शांतपणे म्हणाला, "एकीला सात भाऊ लागले, ती गोष्ट तिथंच आहे ना? येशूनं त्या भावांना पापी म्हटलं का?" फादर गप्प राहिले.

मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेली, चर्चची शिकवण मला परकी नाही. दिराशी लग्न हेच पाप, असंही चर्च म्हणत नाही. 1917 च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, त्यासाठी खास सूट घ्यावी लागे, 1983 च्या संहितेत ती अटही गेली. अडचण होती ती दिराच्या जिवंत बायकोची. पण कुळ ज्याला मुळात लग्न मानतच नव्हतं त्याला आपण दुसरं लग्न ठरवत होतो, आणि त्यापायी एका विधवेला वेदीपासून दूर ठेवणार होतो. मला हे अन्यायाचं वाटलं, आणि तिथं मी ते बोलले.

न्यार उगेन्या मात्र दोघांच्याही पुढची निघाली. ती आधीच कायदा सांगणाऱ्या बाईकडे जाऊन आली होती. 1981 पासून लागू असलेल्या वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर विधवेचा हक्क हयातभर चाले, पण पुन्हा लग्न केलं की संपे. फादरचं ऐकून लग्न लावलं असतं तर तिचा जमिनीवरचा हक्क गेला असता.

"दीर माझ्या घरात झोपणार नाही," ती म्हणाली. "त्याचा कोट एक रात्र खुंटीला टांगा. सकाळी घराचा पहिला खांब त्यानं रोवावा. मला आजार आहे, त्याच्या बायकोला मी तो देणार नाही."

म्हाताऱ्यांत बराच वेळ कुजबुज चालली. एकाला कोट पुरेसा वाटेना. शेवटी दिराची बायको पुढं आली आणि तिनं नवऱ्याच्या अंगावरचा कोट उतरवून जावेच्या हातात दिला. वयस्क गुरुजींनी मान डोलावली. फादर म्हणाले, कोटाला मी पाप म्हणू शकत नाही, पण धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, समितीला विचारावं लागेल. समितीनं खूप वेळ लावला. तेवढे दिवस ती मागच्या बाकावर बसायची आणि ख्रिस्तशरीर न घेता घरी जायची. नंतर परवानगी मिळाली.

घर त्याच वर्षी उभं राहिलं, मुलाचं खोपटंही. 2015 मध्ये केनियानं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा केला, त्यात बळजबरीनं विधवेला वारसा म्हणून घेणं आणि सुतक फेडायची ती रात्र, दोन्ही हिंसाचारात मोडतात.

तिचं पाहून पलीकडच्या वाडीतल्या एका तरुण विधवेनंही कोटच मागितला. तिच्या कुळानं नाही म्हटलं आणि तिच्या चर्चनं त्यात पडायलाच नकार दिला. ती मुलांना घेऊन बाजारपेठेत भाड्याच्या खोलीत राहायला गेली, मासळी विकू लागली. सासरची शेती दिराकडे राहिली.